एकाच रस्त्याच्या दोन बातम्या

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास क्राइमच्या पोराने सिंगल कॉलम सोडला. रात्रपाळी संपवून पहाटे घरी निघालेल्या सुरक्षारक्षकाच्या सायकलला अज्ञात वाहनाने उडवलं, जागीच मृत्यू. मजकूर सगळा पोलिसांच्या प्रेसनोटमधला, ‘हयगयीने, अविचाराने, वाहतुकीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून’ वगैरे. फक्त शेवटचं वाक्य पोराचं स्वतःचं होतं: ‘सायकलस्वाराने हेल्मेट घातलेले नव्हते.’

सिटी पान मी लावत होते. विचारलं, “हेल्मेटचं कोण बोललं?”

“कोणीच नाही ताई. पण नव्हतंच ना डोक्यावर.”

हेल्मेटची सक्ती मोटारसायकल-स्कूटरला आहे, सायकलला कायद्याने नाही. गाडीवाला पळून गेलेला, आणि वाचणाऱ्याच्या मनात राहणार मयताचं हेल्मेट! वाक्य काढलं.

तेवढ्यात पालिका बीटची बातमी आली. तीन कॉलम, फोटोसह. ‘वाहनचालकांना दिलासा, रस्ता होणार रुंद’. मोडकळीला आलेला सायकल मार्ग काढून मोटारींना आणखी एक लेन देणार. त्यात अधिकारी बोलले होते, माजी नगरसेवक बोलले होते, कोंडीने वैतागलेला एक मोटारवाला बोलला होता. सायकलवाला एकही नाही. रस्त्याचं नाव वाचलं आणि क्राइमची बातमी पुन्हा उघडली. रस्ता तोच होता.

दोन्ही बातम्या घेऊन चीफकडे गेले. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “पण ट्रॅक वापरतं कोण?”

प्रश्न खोटा नव्हता. तो ट्रॅक मी पाहिलेला होता. पेव्हर ब्लॉक उखडलेले, मध्येच महावितरणचा डीपी, पुढे वडापावची गाडी, आणि बसथांब्याशी ट्रॅक गायब. २००६ साली पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटीच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेच्या, कडेने ट्रॅक झाले, त्यांची गत याहून वेगळी नव्हती. त्याच वर्षी केंद्राचं शहरी वाहतूक धोरण आलं, रस्त्यावरची जागा वाटताना गाड्या नव्हे, माणसं मोजा असं सांगणारं. डिसेंबर २०१७मध्ये पालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. आपण आराखड्याची बातमी देतो, खर्चाची देतो, ट्रॅक उखडले की ‘पैसा पाण्यात’ म्हणून देतो, आणि काढले की ‘दिलासा’. त्या रस्त्यावरून रोज सायकल कोण मारतं, हे विचारायला कोणी जात नाही. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याला जाणाऱ्यांचे फोटो मात्र छान येतात, पुरवणीला बरे पडतात. वॉचमन रात्री अकराला निघतो, तेव्हा आमचा फोटोग्राफर घरी असतो. शिवाय आम्ही सगळेच ऑफिसला स्कूटरवर येतो, त्यामुळे कोंडी आम्हाला सांगावी लागत नाही.

चीफनी ऐकून घेतलं. अपघाताला दोन कॉलम दिले, रुंदीकरणाच्या बातमीला लागूनच. ‘याच रस्त्यावरील सायकल मार्ग काढण्यात येणार आहे’ ही माझी ओळ मात्र कापली.

“ते संपादकीय झालं. बातमी नाही.”

“रस्त्याचं नाव संपादकीय कसं, सर?”

“तुम्हाला कळलंय मी काय म्हणतोय ते.”

भांडायला वेळ नव्हता. मग त्या जागी छोटी चौकट टाकली: धडक देऊन वाहन पळून गेलं आणि त्याचा पत्ताच लागला नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख रुपये मिळतात, १ एप्रिल २०२२पासून. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. इतकी वर्षं ‘अज्ञात वाहन’ छापतोय, पण ही माहिती आमच्या पानावर आल्याचं मला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चौकटीसाठी फोन आले. अर्ज कुठला, कागद कोणते. एका बाईंचा नवरा असाच गेला होता, त्यांना कोणी काही सांगितलंच नव्हतं.

दुपारी माजी नगरसेवकांचा फोन आला, थेट चीफना. त्यांच्या फोटोला चिकटून मयताची बातमी कोणी लावली? चीफनी रिसीव्हर माझ्याकडे दिला, “पान तुमचं, तुम्हीच बोला.”

दोन्ही बातम्या एकाच रस्त्याच्या आहेत, हे त्यांना फोनवर सांगावं लागलं. शेजारची बातमी त्यांनी वाचलीच नव्हती.