नॅनोची नोंदवही, महिना आठवा: पुढचे टायर बदलले आणि गाडी हातात आली

ओडोमीटर 41,870. मागच्या नोंदीत म्हटलं होतं की इंजिन माउंटिंग आणि गिअर केबलचं काम उरकलं की टायरकडे वळेन. दोन्ही कामं झाली, टायरही झाले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच गाडी जशी बनवली होती तशी चालते आहे, म्हणून ही नोंद लांबणार.

नवीन वाचणाऱ्यांसाठी आधीचं थोडक्यात सांगते. गाडी 2012ची टाटा नॅनो. मागे बसवलेलं 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, 38 पीएसची ताकद, चार गिअर, पॉवर स्टेअरिंग नाही. घेतली ती बाबांसाठी. त्यांचे गुडघे धरतात, त्यामुळे खाली बसकण मारावी लागते अशा गाडीत त्यांना बसवत नाही. नॅनोची सीट उंच आहे आणि दार ऐसपैस उघडतं. मंडई, बँक, दवाखाना एवढंच तिचं काम असणार होतं. तिच्याकडून चालवण्याचा आनंद मिळेल अशी माझी अपेक्षाच नव्हती. ‘लाखाची गाडी’ म्हटलं की जे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येतं तेच माझ्याही होतं, आणि त्या चित्राखातर मी ही गाडी कधी साधी चालवूनही पाहिली नव्हती. मार्च 2009मध्ये ती बाजारात आली. तेव्हापासून पुण्यात राहून, आणि घडली तीही इथेच पिंपरीत, टाटा मोटर्सच्या गिरीश वाघ यांच्या टीमच्या हातून. तरी नाही.

पहिला धक्का नारायण पेठेत बसला. आत्याकडे बाबांना सोडलं आणि गल्लीतून परत वळायचं होतं. एका बाजूला ओळीने दुचाक्या, दुसऱ्या बाजूला वाड्याचा ओटा. सवयीने मी तीन-चार वेळा मागेपुढे करायच्या तयारीने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं, आणि गाडी एका दमात वळून तोंड फिरवून उभी राहिली. टर्निंग रेडियस चार मीटर आहे हे कागदावर वाचलं होतं. चार मीटर म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. इंजिन मागे असल्यामुळे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये काही अडथळा नाही, चाकं भरपूर वळतात. आणि पुढे वजन कमी म्हणून पॉवर स्टेअरिंग नसतानाही जाग्यावर चाक वळवायला खांदे भरून येत नाहीत. 2014मध्ये नॅनोचीच ट्विस्ट ही आवृत्ती आली, तिला इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे. एका मैत्रिणीची चालवून पाहिली. पार्किंगला ती जास्त सोपी आहे, पण रस्ता हाताला जेवढा माझ्या गाडीत कळतो तेवढा तिच्यात कळत नाही. घरातल्या वयस्कर माणसाला स्वतः चालवायची असेल तर वापरलेली ट्विस्टच शोधा. मला मात्र माझीच आवडते.

आता टायर.

गाडी आली तेव्हा चारही चाकांना 145/70 आर12 होते, म्हणजे मारुती 800चा साइज (पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी). आधीच्या मालकाला कोणी तरी तसा सल्ला दिला असणार, आणि सल्ला व्यवहाराचा आहे: सहज मिळतात, पुढचे-मागचे अदलाबदल करता येतात, स्टेपनी कुठेही बसते. मीही टायरवाल्याकडे गेले तर तो हेच म्हणाला. “ताई, चारही सारखे टाका. नंतर मला दुवा द्याल.”

पण नॅनोचा मूळ साइज वेगळा आहे. पुढे 135/70 आर12, मागे 155/65 आर12. पुढे बारीक, मागे रुंद. हे पैसे वाचवायला केलेलं नाही, कारण पैसेच वाचवायचे असते तर चार सारखे टायर स्वस्त पडले असते. इंजिन मागच्या चाकांवर बसलेलं असलं की वळणावर गाडीचं शेपूट बाहेर जायला बघतं. मागे पकड जास्त आणि पुढे थोडी कमी ठेवली, तर वेग जास्त झाल्यावर आधी पुढचं तोंड बाहेर सरकतं. चालवणाऱ्याला ते स्टेअरिंगमध्ये कळतं, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की गाडी परत ओळीत येते. चारही सारखे टायर घातले की हा हिशोबच पुसला जातो.

मागे इंजिन असलेल्या गाड्यांचा हा जुनाच प्रश्न. अमेरिकेतली शेव्हर्ले कॉर्व्हेर, 1960 सालचं मॉडेल, तिच्यात कंपनीने पुढे 15 आणि मागे 26 पीएसआय हवा सांगितली होती. ब्रिटनच्या हिलमन इम्पला पुढे 18, मागे 30. आकडे वाचून विश्वास बसत नाही, पण कारण हेच: पुढचा टायर मुद्दाम मऊ ठेवायचा, म्हणजे तोंड आधी सुटेल, शेपूट नाही. ज्यांनी सवयीने चारही चाकांत सारखी हवा मारली त्यांना गाडी वेगळीच वागताना दिसली असणार. नॅनोने ते काम बरंचसं टायरच्या रुंदीकडे सोपवलं, तरी हवेतही पुढे कमी आणि मागे जास्त हा नियम आहेच. मॅन्युअलमध्ये आकडे आहेत, ते बघून भरा.

माझ्या गाडीत पंपावरच्या पोराने चारही चाकांत 35 मारून ठेवली होती. मी विचारलंही नव्हतं, दोष माझा. दोन महिने मी समजत होते की नॅनो खड्ड्यांवर उड्या मारते, आणि ते मी इथे तिसऱ्या महिन्याच्या नोंदीत लिहिलंही होतं. ते वाक्य मी मागे घेते. या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, सेमी-ट्रेलिंग आर्म आणि कॉइल स्प्रिंग. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मागची दोन चाकं एकाच बीमने जोडलेली असतात, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही कळतं. नॅनोत तसं होत नाही. हवा बरोबर केल्यावर सिंहगड रोडच्या फुटक्या कडेवरून डावीकडची दोन चाकं घालून बघितली. पुढे पाण्याची अर्धी भरलेली बाटली सीटवर उभी ठेवली होती. ती आडवी झाली नाही.

135चे टायर मिळायला अकरा दिवस लागले. तीन दुकानांनी “येत नाहीत आता” म्हणून सांगितलं, चौथ्याने मागवून दिले. मागचे 155 त्याच्याकडे होतेच. बसवल्यावर अलाइनमेंट करून घेतली. टो, म्हणजे वरून बघितल्यावर पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बराच बाहेर गेलेला निघाला, पुढच्या जुन्या टायरच्या आतल्या कडा का खाल्ल्या गेल्या होत्या तेही उलगडलं.

मग रविवारी पहाटे साडेपाचला कोंढव्यातून बापदेव घाटाने सासवड आणि परत दिवेघाटाने हडपसर. हा माझा ठरलेला फेरा, जुन्या टायरवरही तीनदा केलेला, म्हणून तुलना करता येते.

बापदेव चढताना 51 एनएम टॉर्कमध्ये, म्हणजे एवढ्याशा ओढीत, काय होणार असं वाटतं. ज्यांनी चालवलेली नाही त्यांना सांगते: दुसऱ्या गिअरवर ही गाडी न कुरकुरता चढते. तिसरा टाकलात की मरते, आणि दुसऱ्या-तिसऱ्यामधली दरी मोठी आहे हे खरं. पण दुसऱ्यात तिला चाळीसच्या आसपास ठेवलं की दोन सिलिंडरचा तो धडधडणारा, ऑटोरिक्षाच्या पुढच्या इयत्तेतला आवाज मागून येत राहतो आणि गाडी वळणामागून वळण घेत वर जाते. घाटाच्या उभ्या वळणावर आतल्या बाजूला बारीक खडी साचलेली होती. पूर्वीच्या माझ्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॅचबॅकचं आतलं चाक तिथे हमखास फिरायचं, कारण चढावर वजन मागे जातं आणि पुढची चाकं हलकी होतात. नॅनोत चढावर वजन मागे जातं ते थेट चालणाऱ्या चाकांवर. खडीवर ती नुसती सरसरली आणि निघाली.

आणि मग ते वळण आलं ज्याची मी वाट बघत होते. वर पोचायच्या थोडं आधी एक उजवं वळण आहे, आत जाताना रुंद वाटतं आणि मध्यावर आवळतं. जुन्या टायरवर इथे स्टेअरिंग दोनदा सुधारावं लागायचं. मध्येच गाडीचं मागचं अंग क्षणभर मोकळं झाल्यासारखं वाटायचं आणि पोटात गोळा यायचा. या वेळी एकदाच चाक वळवलं, तेवढंच धरलं. वळण आवळलं तसं स्टेअरिंग किंचित हलकं झालं, म्हणजे पुढचे टायर सांगत होते की आता पुरे. पाय थोडा उचलला. तोंड आत आलं. वेग काही फार नव्हता, पस्तीस असेल. पण पस्तीसला एखादी गाडी एवढं स्पष्ट बोलते हे मी यापूर्वी अनुभवलेलं नाही. मोठ्या गाडीत हे कळायला जेवढा वेग लागतो तेवढा आपल्या घाटात मुळात घेऊच नये. म्हणून मला वाटतं, आपल्या रस्त्यांवर चालवण्याची खरी मजा सहाशे-साडेसहाशे किलोच्या गाडीत आहे. 1957च्या फियाट 500मध्येही हीच मांडणी होती: 479 सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागे. तिच्यावर इटलीतली माणसं अजून जीव टाकतात. आपल्याकडे त्याच जातीची गाडी बनली आणि आपण तिची किंमत वाचून पुढे गेलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परतीला दिवेघाट उतरताना दुसराच गिअर. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवलात तर वास येतो आणि पेडल खाली जायला लागतं. इंजिन ब्रेकिंगवर मस्तानी तलाव दिसेपर्यंत मी दोनदाच ब्रेक लावला. ज्यांना ड्रमची सवय नाही त्यांनी हे आधी सपाटीवर शिकून मगच घाटात उतरावं.

जिथे गाडी कमी पडते तेही लिहायलाच हवं. ती उंच आहे, पुढून हलकी आहे, त्यामुळे मोकळ्या हायवेवर आडवा वारा आला की ऐंशीला लेन धरून ठेवायला दोन्ही हात लागतात. टायरने यात फरक पडला, पण थोडासाच. ट्रक शेजारून गेला की आधी ओढ आणि मग ढकल, हे राहणारच. दुसरं त्याहून महत्त्वाचं: 2014मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या अपघात-सुरक्षा चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. माझ्या गाडीत एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. म्हणून माझा नियम पक्का आहे, एक्स्प्रेसवे नाही, रात्रीचा हायवे नाही. घाटातसुद्धा पहाटेच, वाहतूक सुरू व्हायच्या आत. नवीन कोणी माझं वाचून नॅनो घेणार असेल तर हा परिच्छेद आधी वाचावा.

बाकी कामं पटकन. इंजिन माउंटिंगचं रबर वयाने पार दगड झालं होतं. बदलल्यावर आयडलला आरसा थरथरायचा थांबला, आता सिग्नलला मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. (या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, त्यामुळे थरथर फार असेल तर दोन सिलिंडरचा स्वभाव म्हणून सोडून देऊ नका, आधी माउंटिंग बघा.) गिअरच्या केबल पुढून थेट मागे जातात, एवढ्या लांब केबलमध्ये बारा वर्षांची धूळ गेलेली होती. मिस्त्रीकाकांनी त्या काढून धुतल्या, ग्रीस भरलं, लिव्हरखालचं बुश बदललं. दुसरा गिअर आता शोधावा लागत नाही. मागच्या चाकांपुढे दोन्ही बाजूंना हवेच्या ज्या खाचा आहेत त्यात वाळका पाला अडकला होता, घाटात जाणाऱ्यांनी तेवढं बघत जावं.

मंगळवारी बाबांनी स्वतः चावी मागितली. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी शेजारी बसले. स्टेपनी आणि पेट्रोलचं झाकण दोन्ही पुढच्या बॉनेटखाली आहे हे त्यांना अजून पटत नाही, निघण्याआधी एकदा उघडून बघतातच. मंडईत जायचं होतं. डेक्कनवरून सरळ जायच्या ऐवजी ते कर्वे रोडने पार वर गेले आणि फिरून आले. मी काही बोलले नाही. वाटेत एकदाच म्हणाले, “अगं, ही वळते बघ कशी.”

आता एक मदत हवी आहे. पन्नासच्या पुढे चौथ्यात मागून डाव्या बाजूने एक बारीक घुमल्यासारखा आवाज येतो, गिअर काढला तरी राहतो, डाव्या वळणावर कमी होतो. मला व्हील बेअरिंग वाटतं, मिस्त्रीकाका म्हणतात नवीन टायरचा आवाज आहे, हजार किलोमीटरने जाईल. चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवलं तर खरखर लागत नाही. ज्यांनी मागचं बेअरिंग बदललं आहे त्यांना सुरुवातीला असंच ऐकू आलं होतं का? तोवर ताम्हिणीचा बेत पुढे ढकलला आहे.