डोहात खडी टाकली तेव्हा

सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या हॅम्पशायरमधल्या एका चॉक नदीकाठी (चॉक म्हणजे खडूचा खडक, त्यातल्या झऱ्यांवर वाहणारी नदी) आमचे खडीचे ट्रक लागले, तेव्हा ट्राउट मासे गळाने धरणाऱ्यांच्या क्लबचे सभासद आधीच येऊन उभे होते. "आमचा सगळ्यात चांगला डोह बुजवताय तुम्ही," एकजण म्हणाला. त्याचं दुःख मला पटतं. मोठा मासा त्याच डोहात गळाला लागायचा.

पण तो डोह नदीने केलेला नव्हता. पुराचं पाणी लवकर निघून जावं म्हणून पूर्वी तळ उपसला, त्यातून तो झाला. पाणी संथ, खाली गुडघाभर गाळ. तिथे ट्राउट राहतो, पण अंडी घालत नाही. म्हणून मासे विकत आणून सोडायचे. सह्याद्रीतली नदी पुरात गोटे लोटत आणते. चॉक नदी भूजलावर चालते, तिला तसा लोंढा येत नाही. गेलेली खडी आपणच परत टाकायची.

खडी चकमकीची, धुतलेली, 10 ते 50 मिलिमीटरची मिसळ. न धुतलेल्या खडीतली माती फटींत बसते आणि अंडी गुदमरतात. थर किमान 30 सेंटिमीटर, कारण मादी शेपटीने उकरून अंडी खोल पुरते. खरी कसोटी खडीच्या थराच्या माथ्याच्या उंचीची. दुपारी वरच्या अंगाच्या मोजपट्टीवर पाणी 6 सेंटिमीटर चढलं. पाणी तसंच तुंबू दिलं असतं तर वरचा जुना खळाळ (उथळ, वेगाने वाहणारा टप्पा) बुडाला असता. एक्स्कॅव्हेटरने माथा लगेच खरवडून उतरवला.

मग पाणी पात्राच्या मध्याकडे वळावं म्हणून काठाला दोन ओंडके खुंट्यांनी जखडले, टोकं प्रवाहाच्या उलट दिशेला कलती. टोक प्रवाहाच्या दिशेला ठेवलं, तर ओंडक्यावरून जाणारं पाणी काठावर आपटतं आणि काठ खचतो.

डोहाचा खालचा एक तृतीयांश हिस्सा आम्ही न बुजवता सोडला. तो मागणं क्लबचा हक्कच होता. खडीच्या नव्या खळाळावरून उतरणारं पाणी तो खोल ठेवील. गळाला लागणारे मासे आता आकाराने लहान असतील, पण नदीतच जन्मलेले. त्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल खडीवर पाय ठेवायचा नाही, कुत्रंही सोडायचं नाही. विणीची जागा ओळखणं सोपं: शेवाळी तळात नुकत्याच उकरलेल्या खडीचा फिकट, लांबट पट्टा दिसतो. क्लबच्या पाटीवर आम्ही त्याचंच चित्र लावलं.