मोडीची वही : खरेदीखतांकडून पेशवेकालीन पत्रांकडे

मागच्या नोंदीपर्यंत माझे मोडी लिपीचे वाचन आंग्लकालीन, म्हणजे इंग्रजी अमलातल्या, खरेदीखते आणि गहाणखते यांच्यापाशीच रेंगाळले होते. या पावसाळ्यात ते पुढे सरकले असून पेशवेकालीन पत्राचा मायना (सुरुवातीचे ठरीव संबोधन), मजकूर आणि शेवट हे तिन्ही भाग आता मला बाळबोध, म्हणजे देवनागरी, प्रतीचा आधार न घेता लावता येतात. गावांची आणि माणसांची नावे अजून अडतात, पण वाक्याचा धागा तुटत नाही. ही प्रगती वाचनाचे तास वाढवून झाली नाही, बोरू, म्हणजे कांडीची लेखणी, हातात घेतल्यामुळे झाली, असे माझे ठाम मत झाले आहे. नव्याने मोडीकडे वळणाऱ्यांना ते उपयोगी पडावे म्हणून तेच जरा सविस्तर लिहिते.

मोडी लिहिणारा लेखक कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी शिरोरेघ आखून घेत असे आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. शब्द कुठे संपला हे दाखवायला मोकळी जागा नसते, विरामचिन्हे नसतात, आणि वेलांटी-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेदही सहसा पाळलेला नसतो. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला हे सगळे अडथळे वाटतात. बोरूने ओळ लिहू लागले की मात्र प्रत्येक गोष्टीचे कारण हाताला कळते: अक्षराचा शेवट हात न उचलता वर नेऊन तसाच काना खाली ओढला तर वेळाची बचत होते, आणि त्या घाईतूनच अक्षराला ती गोलाई आलेली असते. ‘र’ मला फार दिवस छळत होता, कारण तो शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप पालटतो. त्याची सगळी रूपे कित्त्यावर गिरवल्यानंतर तो पानावर आपोआप दिसू लागला. त्यामुळे माझा सध्याचा क्रम असा आहे की सकाळी आधी एखाद्या जुन्या पत्राच्या चार ओळी त्याच वळणात उतरवायच्या आणि त्यानंतरच त्या पत्राचे लिप्यंतर करायला बसायचे.

बोरूबद्दल थोडे सांगायला हवे. कांडीचे टोक तिरपे तासून मधोमध बारीक चीर द्यावी लागते आणि ते टोक किती रुंद ठेवायचे यावर अक्षराची जाडी ठरते. गुळगुळीत छपाईच्या कागदावर शाई पसरते किंवा नुसतीच घसरते. हातकागद असेल तर हात आपोआप संथ होतो. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, त्यामुळे आता ती संगणकावर आणि मोबाइलवरही उमटवता येते. या सोयीचा मला मनापासून आनंद आहे, पण टंकात प्रत्येक अक्षर सुटे आणि एकसारखे येते, म्हणून दप्तरातला कागद वाचण्याच्या तयारीसाठी टंकातला मजकूर फारसा कामाचा नाही.

दुसरी मोठी मदत झाली ती ठरीव मजकुराची. घरच्या ट्रंकेत एक जमिनीचे खरेदीखत आहे, तेच मी सरावाला घेतले होते. त्यात चतुःसीमा येते, म्हणजे पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट अशी हद्द सांगितलेली असते. चारही दिशांची नावे येणारच हे ठाऊक असल्यामुळे आधी ती शोधायची, त्यांच्या मधला मजकूर मग आपोआप लहान तुकड्यांत मिळतो. ‘मौजे’, ‘सदरहू’, ‘मजकूर’ हे शब्दही असेच खुंट्यांसारखे उपयोगी पडतात. एका ठिकाणी ‘रा.’ वाचून मी राजश्री धरावे की राहणार, हे ठरवायला मागेपुढे काय आहे तेच पाहावे लागले: पुढे माणसाचे नाव असेल तर एक अर्थ, गावाचे असेल तर दुसरा. पेशवेकालीन पत्रात हीच युक्ती मायन्याला लागू पडते. ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री’ इथून ‘विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे’ इथपर्यंतचा भाग एकदा पाठ झाला की तो त्या लेखकाच्या वळणाचा कित्ताच ठरतो, कारण काय लिहिले आहे हे माहीत असल्याने त्याने कसे लिहिले आहे एवढेच पाहायचे उरते.

कालगणनेचा अभ्यासही या महिन्यांत मार्गी लागला. पत्राच्या शेवटी ‘छ’ या अक्षरापुढे चंद्राची तारीख आणि सफर, रजब, जमादिलाखर असा अरबी महिना येतो. वर्ष बहुधा सुहूर सन या तेव्हाच्या कालगणनेचे असते आणि ते अरबी संख्याशब्दांत, एकक आधी या क्रमाने लिहिलेले असते. उदाहरणार्थ, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवायचे. पानिपताची लढाई पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशी झाली, तेव्हा सुहूर सन ११६१ चालू होते. ६०० मिळवले की १७६१ येते आणि १४ जानेवारी ही तारीख जुळते. मी वहीच्या पहिल्या पानावर अहद-इसन्नेपासून अलफपर्यंतचे शब्द बोरूने लिहून ठेवले आहेत. ही यादी छापून चिकटवण्यापेक्षा हाताने लिहावी, कारण पत्रात ती मोडीतच भेटणार असते.

आवडीनिवडींबद्दल सांगायचे तर लढायांच्या पत्रांपेक्षा मला हिशेबाचे कागद अधिक प्रिय झाले आहेत. त्यांत माणसे काय खात होती, छप्पर कशाने शाकारत होती, कोणाला किती रोज मिळत होता हे अगदी जवळून दिसते. एक दांडी पावलीची, दोन दांड्या अर्ध्याच्या आणि तीन पाऊणच्या, ही आकड्याशेजारची खूण वाचता येऊ लागली त्या दिवशी जमाखर्चाचे पान माझ्यासाठी उघडले. हुंडीत, म्हणजे पैसे देण्याच्या लेखी चिठ्ठीत, रकमेबरोबर तिची निम्मी रक्कमही लिहीत, म्हणजे कोणी आकड्यात फेरफार केला तर लगेच उघडकीस यावे. वाचणाऱ्यालाही त्या निम्म्या रकमेमुळे आपले वाचन तपासता येते. पत्राच्या शेवटच्या मोर्तबाचे, म्हणजे समाप्तीच्या शिक्क्याचे, कामही असेच राखणदाराचे आहे, त्याच्या पुढे कोणाला मजकूर वाढवता येऊ नये. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब मला मराठी दप्तरातील सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

मनासारख्या सुट्टीचा दिवस कसा असावा, हे आमच्या अभ्यासगटात सध्या सगळे एकमेकांना विचारत आहेत. माझी सुट्टी सरकारी सुट्टीच्या दिवशी असून चालणार नाही, कारण त्या दिवशी दप्तरखान्याला कुलूप असते. ती कामाच्या दिवशी काढलेली रजाच हवी. पहाटे उठून, स्वयंपाकघरात वर्दळ सुरू होण्याआधी, पूर्वेच्या खिडकीशी दोन पाने कित्ता व्हावा. मग पुण्याच्या पुरालेखागारात जावे, तिथे पेशवे दप्तराचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, समोर यावा, त्याची गाठ सुटावी आणि आतले कागद कोणत्याही घाईविना पाहता यावेत. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या दशकात याच दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, तरी निवडीबाहेर राहिलेले कागद कितीतरी पटींनी जास्त आहेत. मला त्यांतला पर्वतीच्या देवस्थानाचा एखाद्या साध्या महिन्याचा खर्च मिळावा: तेलवात, नैवेद्य, फुले, आचाऱ्यांचा शिधा. नानासाहेब पेशव्यांनी ते देवालय उभारले हे शाळेत शिकलो, पण तिथल्या दिव्यांना रोज किती तेल लागे हे त्या कारकुनाच्या हातून कळण्यात निराळे सुख आहे.

दुपारी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात बसावे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० साली स्थापन झालेल्या या संस्थेत जुने कागद वाचणाऱ्यांची परंपरा अजून चालू आहे, आणि तिथल्या टेबलाशी बसले की अडलेला शब्द सोडून पुढे जाण्याचा मोह होत नाही. संध्याकाळी आमच्या गटातल्या काकांकडे जावे. ते भूमी अभिलेख खात्यात नोकरीला होते आणि ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचतात. “ताई, डोळ्याने अडतेय ना, मग तोंडाने म्हणा, कान जोडून देईल,” असे ते मला नेहमी सांगतात. शब्द तोडून न लिहिलेल्या ओळीवर हा उपाय खरोखर चालतो. चार अक्षरे सलग उच्चारली की कुठे तोडायचे ते ऐकू येते. अशा दिवसाअखेर हातात एकाच पानाचे पूर्ण लिप्यंतर असले तरी मला ती सुट्टी सार्थकी लागली असे वाटेल.

पुढचा टप्पा शिवकालीन वळणाचा आहे. त्यात अक्षरवळणाइतकाच फारसी शब्दांचा भरणा कस पाहणारा आहे, म्हणून अभयपत्रे आणि इनामपत्रे यांच्यासारख्या ठरावीक मांडणीच्या कागदांपासून सुरुवात करायचे ठरवले आहे. ज्यांनी हा टप्पा ओलांडला आहे त्यांनी कोणत्या कागदापासून आरंभ केला, आणि त्या काळच्या वळणासाठी बोरूचे टोक किती रुंद ठेवले, हे जरूर कळवावे. मी नव्या कांड्या अजून तासलेल्या नाहीत.