गिअर उलटे झाले, पाय अजून सुलटाच

बाईकला जीपी शिफ्ट, म्हणजे रेसिंग बाईकसारखा उलटा गिअर पॅटर्न, केलं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, इंजिन उघडलं का? नाही हो, गिअरबॉक्सला हातसुद्धा लावायचा नसतो. आत सगळा क्रम तोच राहतो, एक, न्यूट्रल, दोन, फक्त पायाची दिशा बदलते, म्हणजे नेहमीच्या पहिला खाली आणि बाकी वरऐवजी पहिला वर आणि बाकी सगळे खाली. जुन्या बुलेटला हेच होतं की, फक्त उजव्या पायाला.

आता हे करायचं कशाला? तर डाव्या कॉर्नरमधून बाहेर पडताना बाईक अजून झुकलेली असते, थ्रॉटल उघडलेला असतो, वरचा गिअर हवा असतो आणि त्यासाठी बूट लिव्हरखाली घालायचा तर बूट आणि डांबर यांच्यात जागाच उरलेली नसते. वरून दाबायचं असलं की प्रश्न मिटला. रोजच्या रस्त्यावर मात्र याचा उपयोग जवळपास शून्य, त्यामुळे ट्रॅकवर जात नसाल आणि नुसतं भारी वाटतं म्हणून करणार असाल तर राहू द्या.

काम पाना चालवता येणाऱ्याला जमेल असं आहे. पण लिव्हर थेट गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या शाफ्टवर बसलेला असेल तर तो नुसता फिरवून काही होत नाही, मध्ये दोघांना जोडणारी दांडी, म्हणजे लिंकेज रॉड पाहिजे. रॉड असेल तर शाफ्टच्या स्प्लाइनवरचा (दातांवरचा) छोटा आर्म काढायचा आणि १८० अंशात फिरवून परत बसवायचा. आर्म आवळून धरणारा पिंच बोल्ट नुसता ढिला करून आर्म बहुतेक वेळा निघत नाही, कारण तो बोल्ट शाफ्टच्या खाचेतून गेलेला असतो, तो पूर्ण बाहेर काढा, लोक इथेच हातोडी शोधायला लागतात. आणि रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, तेव्हा नट हलत नाही म्हणून जोर लावायच्या आधी दिशा बघा.

बसवताना रॉड आणि आर्म यांच्यात साधारण ९० अंशाचा कोन हवा, नाहीतर पाय पूर्ण दाबूनही गिअर अर्धवट लागतो. माझ्याकडे आर्म खाली आल्यावर रॉड फ्रेमला जेमतेम घासत होता, जॉइंटखाली एक वॉशर टाकला आणि सुटला. मग पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) इंजिन बंद ठेवून मागचं चाक हाताने फिरवत सगळे गिअर वरखाली टाकून बघितले. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा सेन्सर) असेल तर अजून एक भानगड, आधी रॉड ज्या दिशेने ढकलला जायचा त्याच्या उलट आता ओढला जातो (किंवा उलटं), त्यामुळे सेन्सरची दिशा किंवा सेटिंगही बदलावी लागते, नाहीतर तो गपचूप बसतो.

खरी डोकेदुखी पायाची. वरचा गिअर हवा म्हणून सवयीने पंजा उचलला की चढलेल्या आरपीएमवर खालचा गिअर पडतो आणि मागचं चाक लॉक होऊ शकतं. स्लिपर क्लच, म्हणजे अशा वेळी थोडा घसरून चाकावरचा झटका कमी करणारा क्लच, थोडं सावरून घेतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. ब्रेकिंगमध्ये याच्या उलट, खालचा समजून दाबलं की वरचा गिअर, म्हणजे ऐन कॉर्नरच्या तोंडाशी इंजिन ब्रेकिंग गायब. म्हणून मी मोकळ्या मैदानात हळू चालवूनच पाय बसवला, आणि घरात दुसरी बाईक साध्या पॅटर्नची असेल तर माझं मत विचाराल तर करूच नका.

बाईक दुसऱ्याच्या हातात देताना, सर्व्हिसिंगला सुद्धा, टाकीवर टेप चिकटवून पॅटर्न लिहा आणि वर तोंडानेही सांगा. टेप कोणी वाचत नाही.