स्कोअरवही, हप्ता तिसरा: जिम मॉरिसचे ४५ आउट

बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जिम मॉरिस याची वही रविवारी रात्री पुरी झाली. २१ सामने, २१ पानं, १५ इनिंग म्हणजे (इनिंगमागे तीन धरून) ४५ आउट, त्यातले १३ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. गेल्या हप्त्यात १९९९ ची पाच पानं झाली होती, या वेळी २००० ची सोळा. पद्धत तीच ठेवली आहे. रेट्रोशीट या जुन्या सामन्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर सामन्याची खेळीनिहाय नोंद उघडायची आणि तो माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) आल्यापासून उतरेपर्यंत एकेक बॅटर पेन्सिलीनं चौकटीत भरायचा.

ज्यांनी आधीचे हप्ते वाचले नसतील त्यांच्यासाठी: मॉरिस डावखुरा. १९८३ च्या जानेवारीतल्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) मिलवॉकी ब्रुअर्सनं त्याला घेतलं, पण दुखापती आणि हातावरच्या शस्त्रक्रियांमुळे तो मायनर लीगमधूनच (मेजर लीगखालच्या व्यावसायिक स्पर्धांतूनच) बाहेर पडला. पुढे टेक्ससमधल्या बिग लेक गावी शाळेत विज्ञान शिकवू लागला, तिथल्या बेसबॉल संघाचा कोच झाला. पोरांनी शब्द घेतला की आम्ही डिस्ट्रिक्टचं विजेतेपद मिळवलं तर सरांनी ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, जायचं. पोरं जिंकली, सर गेले. १९९९ मध्ये टँपा बे डेव्हिल रेजच्या ट्रायआउटला त्यानं लागोपाठ १२ चेंडू ताशी ९८ मैलांनी टाकले, म्हणजे जवळपास १५८ किलोमीटर. तरुणपणीही त्याचा वेग इतका नव्हता. आधी मायनर लीगमध्ये ऑर्लँडो, मग डरहॅम, आणि सप्टेंबरात थेट मेजर लीग.

पान १ मी तीनदा काढलं. १८ सप्टेंबर १९९९, शनिवार, आर्लिंग्टन, समोर टेक्सस रेंजर्स. आठवी इनिंग, दोन आउट, बॅटर रॉइस क्लेटन. चार चेंडू, स्ट्राइकआउट. वय ३५. चौकटीत बसतं ते एक ‘के’ आणि कोपऱ्यात चेंडूंच्या चार रेघा, बस्स. पहिल्या दोन वेळा तो ‘के’ घाईत वेडावाकडा आला होता आणि या पानावर मला तो तसा नको होता. (हे अक्षर हेन्री चॅडविकचं. क्रिकेटचा बातमीदार होता तो. ‘स्ट्रक’ या शब्दाचं शेवटचं अक्षर त्यानं उचललं. क्रिकेटच्या वहीतून बेसबॉलच्या वहीत आलेल्या आपल्यासारख्यांना हा माणूस घरचा वाटायला हरकत नाही.)

मधल्या पानांवर रेंगाळत नाही. २१ सामन्यांत ४५ आउट म्हणजे सामन्यामागे दोनांहून किंचित जास्त. बहुतेक पानं अर्धी कोरीच दिसतात. सुरुवातीला वाटायचं कागद वाया जातोय, आता वाटत नाही. बुलपेनमधल्या माणसाचं, म्हणजे राखीव पिचरचं, काम असंच असतं, दुसऱ्यानं मांडलेल्या डावात दोन-तीन घरं खेळायची.

आता खरी गोष्ट, म्हणजे माझी चूक. सगळी पानं झाल्यावर बेरीज केली तर ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरचे रन) ५.४० आला! छापील आकडा ४.८०. १५ इनिंगमध्ये हा फरक बरोबर एका रनाचा आहे: आठ रन धरले तर ४.८०, नऊ धरले तर ५.४०. दोन संध्याकाळी पानं उलटीसुलटी केली. १९९९ ची पाच पानं ५.७९ ला तंतोतंत जुळत होती. मग २००० कडे वळलो, आणि चूक सापडली ती अगदी शेवटच्या पानावर.

९ मे २०००, यांकी स्टेडियम, दहावी इनिंग. बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर रनर, समोर पॉल ओ’नील. वॉक, म्हणजे चार चुकीचे चेंडू आणि बॅटरला पहिला बेस फुकट. तिसऱ्या बेसवरचा रनर चालत घरी आला आणि सामना तिथंच संपला. मॉरिस त्यानंतर मेजर लीगमध्ये पुन्हा खेळला नाही. मी चौकटीतला हिरा (रन झाल्याची खूण) रंगवून रन त्याच्या खात्यावर मांडला होता, कारण चेंडू त्याचाच होता. पण रन ज्यानं रनरला बेसवर येऊ दिलं त्या पिचरचा असतो. हा नियम मला पाठ आहे, तरी हात चुकला. क्रिकेटच्या सवयीचा हात तो. तिथं वाइडची धाव टाकणाऱ्याच्याच नावावर जाते, वारशानं आलेला, म्हणजे आधीच्या पिचरनं बेसवर सोडलेला, रनर ही भानगडच नाही.

खरं तर उत्तर डोळ्यांसमोर होतं. बेसबॉलमध्ये विजय-पराभव एकेका पिचरच्या नावावर लागतो, आणि मॉरिसची नोंद ०-०. सामना त्याच्या हातून गेला, तरी पराभव त्याच्या नावावर नाही. पराभव रनाच्या मागे जातो आणि रन आधीच्या पिचरचा होता. नियम न्याय्यच आहे, माझी तक्रार नाही. पण ०-० या आकड्यात क्लेटनचे चार चेंडूही दिसत नाहीत आणि ओ’नीलचा वॉकही दिसत नाही. पानावर दोन्ही दिसतात, म्हणून ही वही.

एक नियम पूर्वी मी पुरता लक्षात घेतला नव्हता. तेव्हा १ सप्टेंबरनंतर संघात ४० खेळाडूंपर्यंत जागा असे. २०२० पासून ती २८ वर आली. १९९९ मध्ये डेव्हिल रेज ९३ सामने हरले, दुसराच हंगाम होता त्यांचा. तळाचा संघ आणि मोकळ्या जागा, हे दोन्ही एकत्र आलं म्हणून शाळामास्तराला बोलावणं धाडता आलं. ९८ मैल तर होतेच, पण आजच्या सप्टेंबरात ते पुरले असते असं मला वाटत नाही.

चूक दुरुस्त केली. आता वारशानं आलेल्या रनरची रेघ लाल पेन्सिलीनं काढतो आणि तिच्या टोकाला आधीच्या पिचरचा क्रमांक लिहितो. त्यासाठी २१ पानं पुन्हा तपासावी लागली. तुमच्यापैकी कुणी यासाठी वेगळी खूण वापरत असाल तर कळवा, कारण लाल रेघ हिऱ्याच्या रेघेवर आली की खोडताना कागद फाटतो. शिवायच्या आधी शेवटचं पान नव्यानं काढायचं आहे.