दिसतंय पण कळत नाहीये

"दादा, तुमचं सगळं दिसतंय, पण कळत नाहीये."

आज दुपारी डिस्कॉर्डवर माइनक्राफ्ट या गेममधल्या रेडस्टोनचा (म्हणजे गेममधली, तारेसारखा सिग्नल वाहून नेणारी पूड) क्लास घेत होतो, आपल्याच सर्व्हरवरचे नऊ जण, आणि हे बोलली ती मुलगी एरवी चॅटमध्येसुद्धा फार लिहीत नाही. मी आठवडाभर ऑफिसनंतर बसून तयारी केलेली, स्क्रीन शेअर करून पिस्टनचा (ब्लॉक ढकलणाऱ्या यंत्राचा) दरवाजा भराभर बांधून उघडून दाखवला, सगळ्यांनी वा वा केलं, मला वाटलं झालं शिकवून.

मग सगळं तोडलं. नुसता एक लिव्हर, पुढे रेडस्टोनची सरळ ओळ आणि टोकाला दिवा. म्हटलं आता तुम्हीच एकेक ब्लॉक वाढवत जा. 15 पर्यंत दिवा लागत होता, 16 व्याला लागेचना! दोन मिनिटं कोणी बोललं नाही (मला गप्प राहणं फार जड गेलं खरंतर) आणि मग तीच ओरडली, "अरे दर ब्लॉकला ताकद एकेकने कमी होतीये!" मधे रिपीटर लावला की सिग्नल परत 15 चा होतो, हे त्यांनी स्वतःच लावून बघितलं.

संध्याकाळपासून आजीची आठवण येतीये. इंदूरला रामबागेतल्या घरी पुरणपोळी शिकवताना माझी पोळी फाटत असली तरी ती हात लावायची नाही, म्हणायची फाटू दे, पुरण कुठे जास्त झालं ते तुलाच दिसेल.

पुढच्या रविवारी कंपॅरेटर (दोन सिग्नलच्या ताकदीची तुलना करणारा रेडस्टोनचा भाग) शिकवायला घ्यायचाय. सुरुवात कशापासून करू, सांगा ना?