माळ्यावरची दुसरी टाकी

इंग्लंडमधील रेडिंग शहरातले आमचे घर १९३० च्या दशकात बांधलेले आहे आणि घर तापवण्याची व्यवस्थाही जुन्या पद्धतीची आहे. स्वयंपाकघरात गॅसचा बॉयलर, वरच्या मजल्यावरील कपाटात गरम पाण्याचा तांब्याचा बंब व त्याच्या शेजारी पंप, आणि खोल्याखोल्यांतून भिंतीला लावलेले नऊ पोलादी रेडिएटर, म्हणजे ज्यांतून बॉयलरचे गरम पाणी फिरून खोली तापते त्या चपट्या पेट्या. गेल्या ऑक्टोबरमध्ये उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच हीटिंग चालू केले, तेव्हा मुलीच्या खोलीतील रेडिएटर खालून हात लावता येणार नाही इतका तापला आणि वरचा वीतभर भाग मात्र गारच राहिला. आतून खळखळ असा आवाजही येत होता.

वरून गार आणि खालून गरम, याचा अर्थ आत हवा साठली आहे. हवा पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे ती रेडिएटरच्या माथ्याशी जाऊन बसते आणि तेवढ्या भागात गरम पाणी पोहोचू शकत नाही. याच्या उलट, म्हणजे मधोमध खालचा भाग गार आणि वरचा गरम असेल, तर तो दोष हवेचा नसून तळाशी बसलेल्या गाळाचा असतो, आणि संपूर्ण रेडिएटर गार असेल तर बहुधा त्याचा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. रेडिएटरवरून हात फिरवण्याची ही परीक्षा अगदी साधी आहे, पण तिच्यामुळे चुकीच्या जागी पाना लावण्याचे श्रम वाचतात.

हवा काढण्याची रीत मला ठाऊक होती. हीटिंग आणि पंप बंद करून पाणी निवू द्यायचे, रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातील चौकोनी खिळीला छोटी पितळी चावी लावायची, खाली फडके धरायचे आणि अर्ध्या फेऱ्याहूनही कमी फिरवायचे. फुसफुस थांबून पाण्याची धार आली की चावी आवळायची. सुरुवात तळमजल्यापासून करून मग वर जायचे. पंप बंद ठेवण्याला कारण आहे: पंप चालू असताना काही रेडिएटरांमध्ये बाहेरच्यापेक्षा कमी दाब असू शकतो आणि अशा वेळी खिळी उघडली तर हवा बाहेर येण्याऐवजी आत जाते. हे सर्व मी नीट केले, चहाच्या रंगाचे थोडे पाणी फडक्यावर आले, आणि रेडिएटर वरपर्यंत तापला.

दहा दिवसांनी तीच खोली पुन्हा गार झाली. पुन्हा हवा काढली. त्यानंतर आठवड्याभरात आमच्या झोपण्याच्या खोलीतील रेडिएटरही तसाच वागू लागला, आणि कपाटातील पंप वाळू दळल्यासारखा आवाज करू लागला. तळमजल्यावरील एकाही रेडिएटरला काही झालेले नव्हते, ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

एका सहकाऱ्याने सांगितले की, रेडिएटरमधील प्रत्येक वायू ही बाहेरून शिरलेली हवाच असते असे नाही. पोलाद आतून गंजत असताना हायड्रोजन तयार होतो, तोही माथ्याशी साठतो, आणि त्याच गंजापासून बनलेला मॅग्नेटाइटचा काळा गाळ तळाशी बसतो. हे खरेच आहे. परंतु गंजातून वायू सावकाश साठतो, आणि आमच्याकडे आठवड्याला हवा जमत होती.

तिसऱ्या वेळी मुलीच्या खोलीतील खिळी उघडली, तेव्हा फुसफुस झालीच नाही. पाणीही आले नाही. सहज म्हणून टिश्यूचा एक तुकडा त्या भोकाजवळ धरला, तर तो ओढला जाऊन चिकटला. पंप बंद होता, म्हणजे हे ओढणे पंपाचे नव्हते. ज्या रेडिएटरवर माळ्यावरील टाकीच्या पाण्याचा दाब असायला हवा, तो बाहेरून हवा ओढतो, याचा अर्थ वर पाणीच नाही. मी खिळी घाईघाईने बंद केली.

आता लिहिताना थोडे ओशाळल्यासारखे वाटते, कारण पहिल्या आठवड्यातच मी माळ्यावर चढून पाहिले होते. तिथली मोठी टाकी काठोकाठ भरलेली दिसली आणि मी समाधानाने खाली उतरले होते. ती टाकी नळाला आणि बंबाला पाणी पुरवते, हीटिंगशी तिचा संबंध नाही. हीटिंगची टाकी वेगळी आणि बादलीएवढी लहान असते, आणि आमच्याकडे ती धुराड्याच्या आड उष्णतारोधक लोकरीखाली झाकलेली होती. झाकण काढून पाहिले तर तळाशी फक्त तपकिरी ओल होती.

बॉलकॉक अडकला होता. पुण्यात गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक बिघडला की पाणी वाहून जाते आणि सोसायटीभर आरडाओरडा होतो, त्यामुळे लगेच कळते. इथे तो बंद स्थितीतच अडकल्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही. या लहान टाकीचा बॉलकॉक वर्षानुवर्षे जवळजवळ हलतच नाही, कारण हीटिंगचे पाणी तेच तेच फिरत असते आणि बाष्पीभवनाने जे थोडे उडते तेवढेच नव्याने भरायचे असते. त्यात रेडिंगचे पाणी जड. त्याच्या क्षारांनी झडप जाम केली. टाकीत मुळातच पाणी थोडे ठेवतात, कारण १० अंशांचे पाणी ८० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे ३ टक्क्यांनी फुगते आणि त्या फुगवट्याला वर जागा लागते. रात्री हीटिंग बंद झाले की तेच पाणी आकसते आणि टाकीतून खाली ओढले जाते. टाकी कोरडी असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते, आणि ती सर्वांत उंचावरच्या रेडिएटरांत जाऊन बसते. म्हणून तळमजला बिनघोर होता.

यातील सर्वांत चिडवणारा भाग माझ्या स्वतःच्या मेहनतीचा होता. प्रत्येक वेळी मी जेवढी हवा बाहेर काढली, तेवढेच पाणी टाकीतून खाली आले, आणि ते परत भरले गेलेच नाही. टाकीत जे काही उरले होते ते मीच चावी फिरवून संपवले.

दांडा हाताने वरखाली केल्यावर कचकच करत झडप सुटली आणि पाणी येऊ लागले. झडप नंतर बदलून घेतली. टाकी भरल्यावर खालून वर क्रमाने सर्व रेडिएटरांची हवा काढली. पंपाच्या तोंडावरील मोठा स्क्रू किंचित सैल करून त्यातलीही हवा सोडली आणि त्याचे दळण थांबले. तरीही आमच्या खोलीचा रेडिएटर तापेना, कारण त्याची नळी दाराच्या चौकटीवरून वर जाऊन पुन्हा खाली येते आणि त्या उलट्या वळणात हवेचा बुडबुडा अडकला होता. बाकीचे आठही रेडिएटर बंद करून पंपाचा सगळा जोर त्या एकाच वाटेवर लावला, तेव्हा कुठे तो बुडबुडा सरकला. एवढे नवे पाणी आत गेल्यामुळे गंजरोधक रसायनही पुन्हा घालावे लागले. हे सर्व घरच्या घरी करता येते, मात्र बॉयलरचे आवरण उघडण्याचे काम गॅस सेफ (गॅसची कामे करणाऱ्या कारागिरांची ब्रिटनमधील अधिकृत नोंदवही) नोंदणी असलेल्या माणसाचेच आहे.

ज्यांच्याकडे कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचे गरम पाणी दोन्ही एकाच यंत्रातून देणारा) आहे, त्यांना माळ्यावर चढण्याची गरज नाही, कारण त्या बंद व्यवस्थेत माळ्यावर टाकीच नसते. तिथे हवा काढल्यावर दाबमापकाचा काटा पाहावा. गार असताना दाब १ ते १.५ बार असावा, आणि कमी असेल तर भरण्याच्या नळीने पाणी घालून ती नळी पुन्हा बंद करावी. दर आठवड्याला पाणी घालावे लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा प्रसरणाच्या टाकीतील, म्हणजे तापून फुगलेले पाणी सामावून घेणाऱ्या बंद डब्यातील, हवेचा दाब गेलेला आहे. वारंवार घातलेल्या ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो आणि गंज वाढतो, तेव्हा नुसते पाणी घालत राहणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

यंदा सप्टेंबरमध्ये, हीटिंग चालू करण्यापूर्वीच, मी विजेरी घेऊन माळ्यावर गेले आणि लहान टाकीचा फ्लोट एकदा दाबून पाहिला. पाणी आले. मुलीच्या खोलीतील रेडिएटर पहिल्या दिवशी थोडा खळखळला, म्हणून चावी एकदाच लावावी लागली.